आईचा पायही असाच सुजला होता

दापोडीला आमची एकच खोली होती. पन्नासचं दशक संपत आलेलं, मी पहिलटकरीण... बाळ होऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्या दिवशी मला काही केल्या चैन पडत नव्हतं.

डावी पोटरी सुजलेली, गरम, दगडासारखी जड. या कुशीवर वळू की त्या... पण बाजेवरून उठायची बंदी. बाळंतपण करायला चाकणजवळच्या आमच्या गावाहून मावशी आली होती. "बाळंतिणीनं भुईला पाय लावायचा न्हाई," हा तिचा नियम.

आई नव्हती. माझ्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. 'आईला गिळून जन्मली'... हे ऐकतच मी मोठी झाले. माझा वाढदिवस कधी कुणी केला नाही.

मावशी तेल कोमट करून पोटरी चोळायला बसली, तेवढ्यात आमचे हे डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्यांनी पाय पाहिला मात्र... "चोळू नका! हात काढा आधी."

मग म्हणाल्या, "हिच्या माहेरी आणखी कुणाला असं झालं होतं का?"

मावशीनं तेलाची वाटी बाजूला सारली. "व्हय... हिच्या आईला. असाच पाय सुजला हुता. अंघुळीला म्हून उठली, धाप लागली, आन् तितंच गेली."

बाईंनी समजावलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जीव जातो. बाळंतपणात रक्त लवकर गोठतं, त्यात नुसतं पडून राहिलं की धोका वाढतो... आणि काही घराण्यांत तो मुळातच जास्त असतो.

"म्हणजे ती माझ्यामुळे नाही गेली?" तोंडातून निघूनच गेलं.

"अगं, तान्ह्या पोरीचा काय दोष? गुठळीनं गेली ती."

मावशीनं पदर तोंडाला लावला.

त्याच दिवशी मला पुण्याला दवाखान्यात हलवलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. छातीत जरा कळ आली की जीव वरखाली व्हायचा... मी गेले तर माझी लेकही हेच ऐकत वाढणार! पण वाचले.

आता नातीला दिवस गेलेत. तिच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मी हे सगळं सांगून आले. तुमच्याही घरात असं कुणाचं झालं असेल तर लपवू नका, सांगा.

त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार कसे फेडू... मी वाचले त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला मावशी गावाहून मुद्दाम आली, आणि तिनं मला जन्मात पहिल्यांदा ओवाळलं.