नशीब कोरणारी लेखणी आणि न ऐकणारी काच

दैतारी खडीरत्न यांच्या हातची पत्रिका ज्या घरात नाही, असं घर भंजनगरच्या आसपास शोधून सापडायचं नाही. ताडपत्र डाव्या हातात धरायचं, अंगठ्याच्या नखाला पाडलेल्या खाचेत लोखंडी लेखणी टेकवायची आणि पुढे ढकलत जायचं, की माणसाचं नशीब पानावर कोरलं जायचं. इतक्या लोकांची नशिबं कोरून त्यांच्या बोटांची कातडी ढोलाच्या चामड्यासारखी झाली होती. स्वभावही त्याच वाटेवर आहे, असं त्यांची बायको सत्यभामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

तर या दैतारींच्या मुलीला, कुनीला, सुरतेत मुलगा झाला. एकविसाव्या दिवशी नाव ठेवायचं. व्याह्यांनी इंटरनेटवर शोधून ‘रियांक’ तयार ठेवलं होतं, पण माणूस भला. म्हणाले, आजोबांनी सुचवलेलं नाव दुपारच्या पूजेआधी आलं तर तेच ठेवू, नाही आलं तर आमचं आहेच.

आता नाव कळवायला काय लागतं? फोन करायचा आणि सांगायचं. पण खडीरत्नांच्या घरात नाव आधी लिहितात, मग उच्चारतात. न लिहिता तोंडातून काढलेलं नाव म्हणजे नुसती हाक. ग्रह, नक्षत्र आणि आजोबांची मर्जी यांचं जुळून नाव ठरायला आदला दिवस मावळला, आणि नेमकी ताडपत्रं संपलेली. नवी पानं हळदीच्या पाण्यातून काढून वाळत घातली होती, अजून ओलीच. कागदावरच्या शाईला तर दैतारी लिहिणं म्हणतच नसत. उरला फोन. कुनीने माहेरी आली असताना त्यात हाताने अक्षर काढायची पाटी लावून दिली होती. इथे लिहिलं की तिथे उमटतं, हे मात्र त्यांना पटलं होतं.

सकाळी अंघोळ करून ते पाटी उघडून बसले. बोट फिरवून फिरवून थकले, पण एक रेघ उमटेल तर शपथ.

“काचेला तुमची ओळख पटत नाही,” सत्यभामा म्हणाली. तिने तांदूळ धुतलेला हात पदराला पुसत सहज बोट लावलं, तर ठसठशीत रेघ उमटली. “बघा. सांगा नाव, मी लिहिते.”

“तू लिहिलेलं नाव मी ठेवलेलं कसं होईल?”

“नाहीतर राहील रियांक.”

दैतारींनी लेखणी काढली. साऱ्या पंचक्रोशीच्या नशिबाला जी पुरली, ती एवढ्याशा काचेला पुरणार नाही? त्यांनी पहिलं अक्षर काढलं. काच ढिम्म.

समोर मोबाइल दुरुस्त करणारा टुना बसायचा. सत्यभामेने त्याला हाक मारली. लेखणी पाहून त्याने कपाळावर हात मारला.

“आजा, ही नाही चालायची. लोखंडाचं वावडं नाही हिला, पण टोक पडलं सुईएवढं. या काचेला बोटासारखा रुंद, ओलसर स्पर्श लागतो. तुमची बोटं तर निव्वळ लाकूड. जाड रबरी टोकाची लेखणी मिळते, उद्या ब्रह्मपूरहून मागवतो.”

“उद्या तो रियांक झालेला असेल. तू जा. लिहिलेलं लगेच दिसलंच पाहिजे का?”

हे काही नुसतं आडमुठेपण नव्हतं. ताडपत्रावर कोरलेलं अक्षरही दिसत नाही; वरून काजळी चोळली की मग उठून येतं. जन्मभर न दिसणारं लिहिलेल्या माणसाला कोऱ्या काचेची कसली भीती? दैतारींनी अख्खं नाव शांतपणे कोरलं, दिव्याची काजळी वालाच्या पानांच्या रसात कालवली आणि फोनवर ओतली.

सत्यभामा हातातलं भांडं टाकून धावली. “अहो, फोनला काजळी? त्याला काय दृष्ट लागणार आहे?”

“लिहिणाऱ्याला मध्ये टोकू नये,” म्हणत त्यांनी ओल्या तळव्याने काच चांगली रगडली.

इतका वेळ न ऐकणारी काच त्या तळव्याला मात्र भुलली. पाटी गेली, कुनीला तीन अंगठे आणि एक रडका चेहरा गेला, आणि तिलाच व्हिडिओ कॉल लागला.

“बापा? पूजेला बसतोय आम्ही. तोंड काळं कशानं झालंय?”

दैतारी फोनवर वाकले. पडद्यावर कुनीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. काचेवरच्या पातळ प्लास्टिकवर लेखणीचे ओरखडे पडले होते, त्यांत काजळी बसली होती, आणि बरोबर बाळाच्या कपाळावर नाव काळंभोर उठलं होतं. कुनीला ते दिसत नव्हतं, या दोघांनाच दिसत होतं. आता उच्चारायला हरकत नव्हती, पण दैतारी डोळे टिपत बसले.

सत्यभामेने कोपराने ढोसलं. तिचेही डोळे भरले होते. “वाचा की. पूजा खोळंबलीय.”

“निळाद्री,” दैतारी म्हणाले.

पलीकडे बायकांनी जीभ हलवत मंगल हुळहुळी दिली. व्याह्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि मान डोलावली.

संध्याकाळी कुनीने परत फोन केला. आधी आईशी बोलली, मग दैतारींशी. “बापा, बोऊने सांगितलं मला सगळं. तुम्हाला इथून रबरी टोकाची चांगली लेखणी पाठवते.”

“तुझ्याकडेच ठेव,” दैतारी म्हणाले. “त्याला लागेल. मला लिहायचं होतं ते लिहून झालं.”