डोहातला उत्तररंग

दुपारचे तीन वाजलेत. कुंडेश्वराच्या सभामंडपात, गार फरशीवर, उज्ज्वला पिशवी उशाला घेऊन आडवी झाली आहे. पाचला गावची बैठक. तोवर डोळा लागू द्यायचा नाही, असं ती स्वतःला बजावते, आणि बजावता बजावताच पापण्या मिटतात. मंडपाच्या पायऱ्यांखाली डोह आहे. पाण्यावरचं ऊन छताला लागून हलतं आहे. मासे वर येऊन तोंड मारतात, त्याचा चुबुक चुबुक आवाज. मग तो आवाज लांब जातो, मग टाळांसारखा वाटतो, मग टाळच वाजू लागतात.

"काय गो उज्जू, कीर्तनात झोपतेस?"

आबा उभे आहेत. सदाशिवबुवा गुरव, तिचे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अंगरखा, उपरणं, हातात चिपळ्या, सगळं तेच. या माणसाच्या कीर्तनाला बसलेलं माणूस आरती होईतो जागचं हललं नाही. रडतं पोर आईच्या मांडीवर गप्प व्हायचं. तोच गोड आवाज. फक्त तो आता ओला आहे.

"आबा, तुम्ही कसे काय..."

"पूर्वरंग झाला. मध्यंतर आहे. बोलून घे काय ते."

मंडप भरलेला आहे. सारा गाव तिच्याकडे पाठ करून बसला आहे, आणि एकूणएक पाठी भिजलेल्या. कडेच्या एका बाईचा डोळा तेवढा दिसतो. उज्ज्वला त्याच्याकडे बघत राहते. त्याची पापणी लवत नाही.

"पिशवीत काय आहे?" आबा विचारतात.

"अहवाल. आपल्या डोहाचा."

ती पिशवी उघडते. आतून थंडगार हवा येते. पुण्याच्या तिच्या प्रयोगशाळेतलं शीतकपाट उघडं आहे, ती समोर उभी आहे, आणि आबा स्टुलावर पाय वर घेऊन बसलेत.

"थंडीसुद्धा कपाटात घालून ठेवता होय पुण्यात?" ते हसतात. "आणि या बाटल्यांत काय? तीर्थ?"

"डोहाचं पाणी. माशाच्या अंगाची बुळबुळ, झडलेली कातडी, सगळं पाण्यात उरतं. ते गाळून वाचलं की आत कोण कोण राहतं ते समजतं."

"मासा न पाहता?"

"न पाहता."

"बरं आहे. आम्ही देवाला तसंच ओळखतो." ते एक बाटली उचलून कानाशी धरतात. "मग? कोण कोण राहतं?"

"पिवळ्या परांचे मासे. आठ वर्षांपूर्वी आपण सोडले ते. आणि त्यांची नि जुन्यांची मिसळ झालेली पिलावळ."

"आणि तांबड्या परांचे? देवाचे?"

"बारा बाटल्या भरल्या, आबा. एकीतही नाहीत."

कपाटाची घरघर थांबते. आबा बाटली कानाशी धरूनच बसलेत, कुणाची तरी हाक यायची आहे असे.

त्या वर्षी डोंगराची दरड नदीत आली, डोह मातीने भरला आणि देवाचे मासे शेकड्यांनी पोटं वर करून तरंगले. गाव हबकला. आबांनी मत्स्यावताराचं आख्यान लावलं आणि भर कीर्तनात हात जोडले, की घरटी एक कळशी मासे डोहात सोडा, देव उघडा पडलाय. लोकांनी कुठल्याशा मत्स्यकेंद्रातून पिल्लं आणली. आबा म्हणाले, देवाचेच आहेत. मग ते देवाचेच झाले. पहिली कळशी बुवांच्या लेकीने ओतली.

"मासा तो मासा," आबा हळूच म्हणतात. "एवढा फरक पडतो?"

"खाली धबधबा आहे ना? त्याच्यावर कुणाला चढता येत नाही. म्हणून हे तांबडे वरच्या पाण्यात एकटे पडले, आपसांतच वाढले. लाखो वर्षं. असे दुसरीकडे कुठे नव्हतेच."

आबा बाटली जपून खाली ठेवतात. मग म्हणतात, "म्हणजे भगवंत लाखो वर्षं एकच आख्यान रचत होता. आणि मी मध्येच दुसऱ्या आख्यानाचे चरण घुसडले."

"वरच्या झऱ्याच्या खळग्यांत चार-दोन उरले असतील. पावसाआधी डोहात जाळं लावून पिवळे काढले, तर ते तांबडे वाचतील. एकदा पाणी चढलं की पिवळे तिथंही पोचणार."

"देवाच्या डोहात जाळं? गाव लावू देईल?"

"म्हणून तर बैठक आहे."

"आणि लोक विचारतील, ताई, तू तर माशांचंच शिकत होतीस. तेव्हा कसं नाही कळलं? काय सांगशील?"

उज्ज्वला मान खाली घालते. अहवालात तिने वाक्य लिहिलं आहे: त्या वेळी हा फरक ओळखता येण्यासारखा नव्हता.

"तेव्हा कुणालाच कळलं नाही, असं सांगेन."

"मग ते म्हणतील, तेव्हा कळलं नाही तर आता कसं कळलं? उठतील नि घरी जातील." स्टुलाखालून पाणी येतं आहे, आबांच्या धोतराचा सोगा त्यात तरंगतो आहे. "उज्जू, कळशीत काय पाहिलंस गो?"

पाणी गुडघ्याला लागतं.

"मी वाकून पाहिलं होतं," ती म्हणते. "पर पिवळे होते."

"मग?"

"तुम्ही गात होता, आबा. कीर्तन चालू असताना मध्ये कोण बोलतं?"

"मला थांबवायचं होतंस."

"तुम्हीच शिकवलंत. नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला मध्ये तोडायचं नाही."

"शिकवलं खरं." ते हसतात, पण त्या हसण्याला आवाज नाही, नुसते बुडबुडे वर जातात. "गादी मोठी गो. वर उभा होता तो माणूसच होता."

आता ते डोहाच्या तळाशी आहेत. वर कुठेतरी हिरवं ऊन. गाव बसलेलाच आहे, आणि एक एक पाठ वळते आहे. माणसांच्या अंगावर माशांची तोंडं, कानांच्या जागी पिवळे पर हळूहळू हलतात. पहिली ओळ तेवढी मोकळी आहे.

"पुढे कोण बसायचंय?" ती विचारते.

"यायचे होते," आबा म्हणतात. "आले नाहीत."

ते स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घालतात. हार जड आहे, चिखलासारखा गार. चिपळ्या तिच्या हातात देतात आणि मागे साथीला, झिलकऱ्याच्या जागी जाऊन उभे राहतात. जन्मभर ज्यांनी दुसऱ्याला धृपद धरायला लावलं, ते आबा आज मागे.

"उत्तररंग तू कर. मी धृपद धरतो. आणि हे बघ, माझं नाव आलं तर गिळू नकोस."

"लोक तुम्हाला देव मानतात, आबा."

"तेच निस्तरायचंय."

तोंडं वाट बघताहेत. एकही पापणी लवत नाही. उज्ज्वला चिपळ्या वाजवते, पाण्यात त्यांचा नाद होत नाही. ती तोंड उघडते. "मी पाहिलं होतं," एवढं म्हणते, आणि डोह सगळाच्या सगळा तिच्या घशात उतरतो.

ती धडपडून उठून बसते. फरशी, खांब, छतावरचं ऊन. छाती भात्यासारखी हलते आहे.

"ताई, उठलात का?" देवस्थानाचे अध्यक्ष दत्ताराम खोत पायरीवर उभे आहेत. "पाच वाजले. मंडळी जमली. काय हो, घामाने निथळताय की काय!"

ती बोलू जाते आणि थांबते. जिभेवर काहीतरी आहे. चिकट, पातळ, कडेला टोकदार. ती दोन बोटांनी ते काढते आणि उजेडात धरते.

माशाचं खवलं आहे. अंगठ्याच्या नखापेक्षा मोठं. अजून ओलं, अजून बुळबुळीत, आणि कडेला तांबडी झाक.

"दत्तारामभाऊ," ती म्हणते, आणि तिचा आवाज रात्रभर गायलेल्या माणसासारखा बसलेला आहे, "बसा सगळे. आधी त्या वेळी कळशीत मला काय दिसलं होतं ते सांगते. मग जाळ्याचं बघू."