सरांनी बघितलंय

“वैशाली, डेटा. गो ऑर नो-गो?” हेंकने विचारलं.

वैशालीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “सरांनी बघितलंय.”

“मी अविनाशला विचारलं नाही. तुला विचारतोय.”

“गो,” ती म्हणाली.

मी काहीही बघितलेलं नव्हतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं.

आमचं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, स्टेशनसमोर. कंपनी पुण्याची. क्लायंट डच, म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याची औषधं घरपोच पाठवणारा. त्यांची जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करायची होती. अशा कामात शेवटी एक मीटिंग होते. प्रत्येक भागाच्या जबाबदार माणसाला एकेक करून विचारतात: गो की नो-गो? एकानेही नो-गो म्हटलं की काम पुढे ढकलतात. इथे सगळ्यांत ज्युनिअर माणूसही नो-गो म्हणतो, आणि नंतर त्याच्याबरोबर सगळे कॉफी पितात.

हेंक क्लायंटचा प्रोग्रॅम मॅनेजर. मी आमच्या बाजूचा प्रमुख. वैशालीकडे डेटा, म्हणजे जुन्या सिस्टीममधली माहिती नवीत नीट गेली की नाही हे तपासायचं काम.

आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली होती.

“सर, काही लोकांचे डिलिव्हरीचे पत्ते चुकीचे येतायत. माणूस राहतो मुलीकडे, आणि नव्या सिस्टीममध्ये त्याचं जुनं घर दिसतंय.”

“टेस्ट डेटा जुना असेल.”

“नाही सर, तपासलं मी. दोन दिवस मिळाले तर सगळे शोधून काढते.”

“दोन दिवस ढकललं तर पुण्याला मी काय सांगू? उद्या मीटिंगमध्ये हे काढू नकोस. मी बघतो घरी जाऊन.”

“बघाल ना, सर?”

“सांगितलं ना.”

त्या संध्याकाळी उइटहॉर्न गावातल्या माझ्या घरी पाहुणे होते. लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढलाच नाही.

इथे ‘सर’ या शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या ऑफिसात डच लोक एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. मराठी मंडळी मात्र मला सर म्हणत. एकदा जेवताना हेंकने विचारलं, “तुला राजाने पदवी दिलीय का?” मी खुशीत येऊन त्याला इतिहास सांगितला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त वयाने मोठा. तो फ्रेंचमधून इंग्लंडात गेला आणि सरदारांच्या नावापुढे लागला. एके काळी तिथल्या पाद्र्यांनाही सर म्हणत. मग शाळेतले मास्तर सर झाले, दुकानात आलेलं कुठलंही गिऱ्हाईक सर झालं. आमच्याकडे इंग्रज साहेबाबरोबर आला आणि साहेब गेल्यावर राहिला. इंग्रज तो नावाच्या आधी लावतात, आम्ही आडनावाच्या नंतर. गणिताचे सर, ऑफिसातले सर. कुणीही न देता मिळणारी पदवी.

हेंकने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडे हा शब्द ज्याच्याशी वाद घालायचा नाही त्याला लावतात. माझ्या प्रोजेक्टमध्ये मला तो नको. त्यांना अविनाश म्हणायला सांग.”

“सांगतो,” मी म्हणालो. सांगितलं नाही. मला ते आवडत होतं.

नवी सिस्टीम सुरू झाली. चौथ्या दिवसापासून फोन यायला लागले. मास्ट्रिख्टच्या एक आजीबाई पडल्यापासून मुलाकडे राहत होत्या. त्यांची हृदयाची औषधं त्यांच्या कुलूप लावलेल्या घराच्या दारातल्या टपालाच्या फटीतून आत टाकली गेली. मुलाला वाटलं, उशीर झाला असेल. आजींना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. जीव वाचला, पण त्या मुलाच्या घरी परत आल्या नाहीत. नर्सिंग होममध्ये गेल्या, असं हेंककडून कळलं.

चौकशीची मीटिंग त्याच खोलीत झाली.

“पत्त्यांचा घोळ तुला आधी दिसला होता?” हेंकने वैशालीला विचारलं.

“हो.”

“मग गो का म्हणालीस?”

तिने समोरचा लॅपटॉप मिटला.

“कुणाला सांगितलं होतंस?”

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी बोलावं म्हणून थांबली होती हे मला तेव्हाही कळलं होतं. मी बोललो. म्हणालो, “प्रोसेसमध्ये गॅप होती.”

“माझी चूक,” वैशाली म्हणाली.

क्लायंटने तिला प्रोजेक्टवरून काढायला सांगितलं. आमच्या कंपनीने तिचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. तिचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नवऱ्याचा तिच्या परवान्याला. दुसरी नोकरी शोधायला तीन महिने मिळतात. प्रत्येक इंटरव्ह्यूत तिला आधीची नोकरी का सुटली हे विचारत आणि ती खरं सांगत असे. तिची मुलगी इथल्या शाळेत जात होती, आईशीसुद्धा डचमध्ये बोलायची. तीन महिन्यांनी तिघं पुण्याला परत गेली.

जाण्याआधी ती मला उइटहॉर्नच्या सुपरमार्केटमध्ये भेटली. एकटीच होती. म्हणाली, “सर, एकच विचारते. तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं ना?”

“बघितलं होतं,” मी म्हणालो. “माझ्याही नजरेतून सुटलं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं.

मीटिंगमध्ये मी घाबरलो होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, नावावर एकही डाग नव्हता. पण सुपरमार्केटमध्ये कसली भीती होती? तिथे हेंक नव्हता, पुणं नव्हतं. या खोट्याला माझ्याकडे कारण नाही.

निवृत्त होऊन काही वर्षं गेली, आणि यंदा मी तिला सगळं लिहिलं. लॅपटॉप बॅगेतच होता हेही. अकरा दिवसांनी उत्तर आलं. वर ‘सर’ नव्हतं, अविनाशही नव्हतं. दोनच ओळी: “माफीचं मी काय करू? हेच कंपनीला लिहा आणि मला सीसीमध्ये ठेवा.”

लिहिलं. कंपनीच्या एचआरमधून एका मुलीचं नम्र उत्तर आलं. इतक्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या फाइल्स गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या जातात. त्यामुळे दुरुस्त करायला नोंद शिल्लक नाही. उत्तर वैशालीलाही गेलं. त्यानंतर तिचं काही आलं नाही.

हेंकला फोन केला. तोही निवृत्त झालाय. सगळं ऐकून म्हणाला, “मला संशय होता. पण ती बोलली नाही, आणि तू तर बोललासच नाहीस.” मग त्याने फोन ठेवला.

म्हणून इथे लिहितो आहे. चूक वैशालीने पकडली होती. दाबली मी.

नोकरीत असणाऱ्यांसाठी एवढंच. गो की नो-गो विचारलं तर शेजारी कोण बसलंय हे न बघता उत्तर द्या. आणि उत्तर देण्याआधी लोक तुमच्याकडे बघत असतील, तर त्या मीटिंगला तुम्ही जाऊ नका.