काळे-पांढरे गुन्हेपट आणि मोहाखालची आग

९ एप्रिल. मी अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेली मोहफुलं खालीवर करत होते. एकाच बाजूनं ऊन लागलं की फुलं नीट वाळत नाहीत, म्हणून तासातासाला हात फिरवावा लागतो. शाळा सकाळची होती, दुपार मोकळी.

त्या दिवसांत आमच्या गावात पाचनंतर कुणी दाराबाहेर पडत नसे. नाल्याकडे वाघ फिरत होता. सिंदेवाहीहून येणारे लोकही चारलाच घर गाठत. नागपूरला शिकणाऱ्या मुलीनं पेन ड्राइव्हमध्ये जुने काळे-पांढरे इंग्रजी गुन्हेपट भरून दिले होते. दार लावून आम्ही नवरा-बायको तेच बघत बसायचो. यांना इंग्रजी येत नाही, पडद्यावरच्या खालच्या ओळी मी मराठीत सांगायची.

कुणी विचारलं तर हे सिनेमे बघाच, असं मी आजही सांगते. गाणी नसतात, दीड तासात संपतात. पण निवडून बघावेत. सुरुवातीलाच पिस्तूल निघतं ते सोडले तरी चालतील. एखादा साधा नोकरदार माणूस एक लहानशी गोष्ट लपवतो, ते बघावेत. त्याला पोलीस पकडत नाहीत, आधी तोच स्वतःला कोंडत जातो. खिडकीच्या पट्ट्यांची सावली त्याच्या तोंडावर गजांसारखी पडते. बाईनं पुरुषाला फसवलं असं हे सिनेमे दाखवतात. नीट पाहिलं तर त्या बाईनं फक्त त्याच्या आधी विचार केलेला असतो.

यांचा जीव मात्र खालीवर व्हायचा.

"हे येडं काऊन परत चाललं त्या घरी? सांगून टाकाचं ना एकदाचं."

"सांगितलं तर सिनेमा संपेल," मी म्हणायची.

त्या दुपारी मी ताडपत्रीवर हात फिरवत होते तेव्हा दारात मोटरसायकल थांबली. आमच्या भागाचा वनरक्षक होता.

तो का आला, ते मला माहीत होतं. आमच्याकडे जंगलाच्या कडेचं प्रत्येक मोहाचं झाड कुणा ना कुणा घराचं असतं. कागदावर नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. आमच्या झाडाला लागून शेजारच्या आजीचं झाड आहे. रविवारी पहाटे आम्ही दोघी वेचायला गेलो होतो. आजी टोपली भरून आधी निघून गेली. फुलं पाल्यात हरवत होती म्हणून मी पाला गोळा करून पेटवला. जागा साफ असली की दुसऱ्या दिवशी फुलं दिसतात, सगळेच तसं करतात. तेवढ्यात नाल्याकडून हाकारे आले, वाघ दिसला म्हणून. मी टोपली उचलून निघाले. आग विझली का, ते पाहिलं नाही. दुपारी वारा सुटला आणि वनखात्याचं बांबूचं रोपवन जळालं.

पाला जाळू नका, अशी शपथ दरवर्षी फेब्रुवारीत शाळेत मीच देते.

"मॅडम, रविवारी तुम्ही गेल्या होत्या का मोहावर?"

"नाही."

त्यानं ताडपत्रीकडे पाहिलं. "मंग हे फुलं?"

"यांनी आणली."

मिनिटभरात दोनदा खोटं बोलून झालं. हे आत खाटेवर होते, त्यांनी ऐकलं असणार. वनरक्षक म्हणाला, "मंग बुढीच असन. तिले तिथून येताना पाह्यलं लोकायनं. उद्या अकरा वाजता साहेबापाशी बयान आहे तिचं." तो गेला.

मी फुलं खालीवर करत राहिले. त्याची गरज नव्हती.

साडेचारला आजी आली. पायरीवर बसली, गुडघे दाबत.

"बाई, उद्या माह्यासंग चाला जी ऑफिसात. मले अंगठा मागतीन. काय लिवलं ते मले काय समजते?"

"बरं."

"अन् तुमी सांगा ना त्याले. तुमी तं होत्या तिथी. म्या काडी लावली का? माह्यापाशी काडीची पेटीच नोती."

"नव्हती," मी म्हणाले.

"तुमचं मानतीन ते. मास्तरीन खोटं काऊन बोलन?"

पाच व्हायच्या आत घर गाठायचं म्हणून ती उठली. तिच्या मनात माझ्याबद्दल काही आलंच नव्हतं. आलं असतं तर मला सोपं गेलं असतं, भांडता तरी आलं असतं. आता मी तिच्यासोबत गेले, तर मी तिथं नव्हते हे खोटं ठरतं. नाही गेले, तर ती न लावलेल्या आगीच्या बयानावर अंगठा उठवते.

दार लावलं. यांनी सिनेमा सुरू केला. त्यात एक औषध दुकानदार चुकीची पुडी देतो आणि मग वहीचं पान फाडतो. मी खालच्या ओळी वाचायच्या विसरले.

"तू सांगून नाई राह्यली."

"तुम्ही ऐकलं ना दुपारी?"

"ऐकलं. मलेच मोह वेचाले पाठवलं तू." हे टीव्हीकडेच बघत होते. "गप राय. बुढीचं वय पाहून सोडतीन तिले. तुह्यावर केस झाली तं नोकरीचं काय?"

"आणि नाही सोडलं तर?"

"मले काय मालूम."

"तुम्हाला विचारतील तेव्हा काय सांगाल? कोणत्या झाडाखाली वेचली, किती वाजता?"

यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. रविवारी पहाटेपासून हे मूल गावच्या राईस मिलमध्ये होते, हे तिथली दहा माणसं सांगतील. म्हणजे उद्या त्या दहांनाही काहीतरी शिकवावं लागणार. मी टीव्ही बंद केला. पुढं काय होतं ते विचारायच्या ऐवजी हे म्हणाले, "जेवाले वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांना फोन करून रजा सांगितली, कारणही सांगितलं. ते "लेखी द्या" म्हणाले. आजीला स्कूटीवर मागं बसवून अकराच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात पोचले. साहेबांकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानंच टेबलावर लिहिलं: पाला मी पेटवला, विझवला नाही, काल मी खोटं बोलले, ही बाई आग लागण्याआधी निघून गेली होती. खाली सही केली.

"काय लिवलं?" आजीनं विचारलं.

मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. वनरक्षक खिडकीशी उभा होता.  आजी पदर सावरून उठली.

"मंग माह्यं काय काम इथी? घरी सोडून द्या मले."

साहेब म्हणाले, तुम्हाला थांबावं लागेल. मी म्हटलं, हिला सोडून परत येते. वाटेत आजीनं माझा खांदा धरला नाही, मागची दांडी धरून बसली. तिला तिच्या दारात उतरवलं आणि स्कूटी वळवून परत कार्यालयात गेले.