सोडव्याचा हात

अडलेला बोल्ट कुठल्याच गॅरेजात सुटला नाही की शेवटी सगळे म्हणायचे, "सोडव्याकडे न्या." जुन्या मोटारसायकलींचे गंजलेले बोल्ट आणि चिकटलेले ब्रेक, एवढंच काम त्याने आयुष्यभर केलं. बायको टोमणा मारायची, "जगाचे बोल्ट सोडवता, आणि घरातल्या बरणीचं झाकण मात्र मीच उघडायचं!"

त्याची रीत ठरलेली. बोल्ट तापवायचा, त्याला मेणबत्ती टेकवायची, वितळलेलं मेण आट्यांत झिरपू द्यायचं. मग उलट फिरवण्याआधी बोल्ट किंचित आवळायचा. "रुसलेल्याला आधी जवळ घ्यावं लागतं," तो म्हणायचा. बाकी सारी भिस्त बोटांवर. तुटण्याआधी लोखंड क्षणभर मऊ लागतं. तिथे थांबायचं.

आणि आता बोटंच बधिर होत चालली होती. साखरेने नसा गेल्यात, परत यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायको सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ होती, तोवर धंदा होता.

एके दिवशी शाळेतले मास्तर आपली जुनी मोटारसायकल ढकलत घेऊन आले. पुढचा ब्रेक पुरता चिकटलेला. आधी ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा स्क्रू सुटायला हवा होता; तो बारका, आतून पोकळ. आणि हा ब्रेक आता बाजारात मिळत नव्हता.

"जपून रे. आमच्या हिच्याआधी घरात आलीय ही."

"हे वहिनींसमोर बोलू नका. दोघी रुसतील, आणि मला एकच सोडवता येते."

मास्तर हसले. त्याने स्क्रू तापवला, मेण लावलं, किंचित आवळला. मग पाना उलटा फिरवला. पाना सहज वळला.

"सुटला!" मास्तर म्हणाले.

त्याने पाना उचलला. पान्यात स्क्रूचं नुसतं डोकं होतं. उरलेला तुकडा आतच.

मास्तर वाकून बघत राहिले. "जुनंच होतं रे," एवढंच म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. बायकोने पाणी दिलं, मग साखरेची बरणी पुढे सरकवली.

"अहो, बघा ना जरा. मला मेलीला हे झाकण निघेना."

त्याने झाकणाला हात लावला. वळवायच्या आधीच ते हातात आलं.

"निघालं की!" ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यांदा.

त्याने मान हलवली. झाकण परत बरणीवर ठेवलं, आणि तिच्याकडे न बघता हळूहळू आवळत राहिला.