उंदरांचा घास

इस्लामपुरातली माझी शेजारीण प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते. उपजतच संधिवाताकडे कल असलेल्या तिथल्या उंदरांना जंतूंचा वारा लागू दिला नाही, तर त्यांचे सांधे शाबूत राहतात. पोटात ठरावीक जंतू गेले, की शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. माझ्या बोटांचं दुखणं त्याच जातीचं. घरीसुद्धा ती कोपरापर्यंत हात धुते आणि रोज कुंपणावरून विचारते, "बाई, मूठ वळती का?"

गेल्या वर्षी सर्वपित्रीला तिनं गच्चीवर पितरांच्या पानाशेजारी दुसरं पान मांडलं.

"हे कुणाचं?"

"आवं, आमच्या गेलेल्या उंदरांचं. त्यास्नी कोन घास ठेवनार?"

असल्याच उंदरांवर आधी तपासलेल्या औषधानं यंदा माझी बोटं वळू लागली. सर्वपित्रीला मीच भात कालवला, मूठ वळली आणि पहिला घास त्या दुसऱ्या पानावर ठेवला.