न ऐकता घेतलेला कॉम्प्युटर

रेकॉर्डिंगसाठी लागणारा कॉम्प्युटर मी चालू न करता विकत घेतला.

हे वाक्य मी घरात अजून मोठ्याने म्हणत नाही. म्हटलं की आतून बायको पुढची हकीकत सांगायला घेते, आणि ती सांगते तेव्हा माझी अक्कल होती त्याहूनही कमी निघते. आज ती माहेरी गेली आहे. तेवढ्यात लिहून टाकतो.

तिचं माहेर फार लांब नाही. आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी, पलीकडे तिची. तिचा थोरला भाऊ भजनी बुवा आहे. पट्टीचा गाणारा. आमच्या पंचक्रोशीत डबलबारी असली, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर सामना असला, की लोक जेवण उरकून जागा धरायला जातात ते त्याच्यासाठी. पण डोक्याचे केस पांढरे झाले तरी मुंबईच्या स्टेजवर त्याला कधी कोणी बोलावलं नव्हतं. त्याच्या मागून शिकलेली पोरं जाऊन आली, फेटे बांधलेले फोटो लावून बसली. हा हसायचा आणि विषय बदलायचा.

तर गेल्या पावसाळ्याच्या आधी मुंबईतल्या आमच्या गाववाल्यांच्या मंडळाचा निरोप आला. गणपतीच्या आधी मोठी डबलबारी ठेवणार आहेत. एक बुवा ठरलेला आहे, दुसरा निवडायचा आहे. इच्छुकांनी भजनातला एक गजर रेकॉर्ड करून पाठवावा, रविवारपर्यंत. मोबाईलवर केलेलं चालणार नाही, कारण मागच्या वेळी कोणाच्या तरी रेकॉर्डिंगमध्ये भजनापेक्षा कोंबडाच जास्त ऐकू आला होता.

बुवा कुडाळच्या एका स्टुडिओत जाऊन आला. कानाला हेडफोन, समोर काच, अंगावर एसी. त्याचा आवाज बसला तो बसलाच. परत आला आणि म्हणाला, "माका थंय गावूकच येना नाय. समोर माणूस नाय तर गावचा कोणासाठी?"

मी कोरसात असतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळ आहे, आणि वेळ असलेल्या माणसाच्या अंगात येतं तसं माझ्या अंगात आलं. मी म्हणालो, "स्टुडिओ हवोच कित्याक? आमच्या माजघरात करूया. माईक माझ्याकडे आसा, फक्त कॉम्प्युटर होयो. मी हाडतंय."

माईक खरोखरच होता, आणि माईक जोडायची ती छोटी पेटीही होती. निवृत्तीच्या दिवशी माझ्या मुलीने दिली होती. या बेतापर्यंत मी त्या पेटीवर फक्त चष्मा ठेवायचो.

कणकवलीच्या बाजारात एक वापरलेल्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे दोन वस्तू माझ्यासमोर आल्या. एक होता जुना सीपीयू, काळा, लोखंडी, गोदरेजच्या कपाटाचं पिल्लू शोभावं असा. गोव्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला. दुसरा लॅपटॉप. अगदी कोरा नव्हे, पण अलीकडचा. जेमतेम आंबोळीएवढा जाड.

दुकानदार तरुण, बोलायला गोड. तो म्हणाला, "काका, घरी रेकॉर्डिंग करणार ना? मग हा लॅपटॉप घ्या. याला पंखाच नाही."

आता कोणीही शहाणा माणूस इथे विचारील, की पंखा नाही हे चांगलं कसं? मी विचारलं नाही. मी मनात म्हणालो, बघा, पंखा काढून घेतलाय आणि मला खपवतोय. आमच्या हवेत मे महिन्यात माणूस पंख्याशिवाय बसू शकत नाही, तिथे बिचारं मशीन काय बसणार?

"आणि याला?" मी सीपीयूवर हात ठेवला.

"याला चार आहेत."

"चार!" मी म्हणालो. माझा निर्णय तिथेच झाला. शिवाय गोव्याच्या स्टुडिओत मुरलेला. कोणाकोणाचे आवाज ऐकले असतील त्याने! मी त्याला फणसासारखं बोटाने वाजवून पाहिलं. भरीव लागला.

"थांबा, चालू करून दाखवतो," दुकानदार वायर शोधायला वळला.

"नको, नको. आमच्याकडे पहिल्यांदा चालू करायचं ते घरी. नारळ फोडून, देवाला गाऱ्हाणं घालून."

"काका, हा कितीतरी वर्षं चालूच होता."

"स्टुडिओत. आमच्या घरी नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खोका भरला.

घरी रिक्षातून मी आणि रिक्षावाल्याने मिळून तो उतरवला. बायको दारात आली.

"ह्यो काय, फ्रीज हाडलात?"

"कॉम्प्युटर. स्टुडिओतलो."

"चालता?"

"अगो, मुहूर्त होवंदे."

"जुन्या मशीनाचो मुहूर्त?" ती म्हणाली. "उद्या माझोय परत मुहूर्त कराल, नवी बायको हाडलंय म्हणून."

संध्याकाळी सगळे जमले. पेटी, पखवाज, झांजा, कोरसवाले. आमच्या वाडीत शुभकार्याला गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या काकांचा. काकांनी सीपीयूसमोर नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ह्या तुझ्या लेकरान ह्या काय मशीन घरात हाडल्यान आसा, ता तुझ्या पायाकडे ठेवलेला आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्यातसून आमच्या बुवाचो आवाज मुंबयपावत जावंदे, आनी हेका कोणाची नजर, कोणाची बाधा, कसलो व्हायरस-बियरस लागलो असात, तर तो तसोच पाठी धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ एका दणक्यात फुटला. घरात पडून असलेला जुना स्क्रीन आधीच जोडून ठेवला होता. मी बटण दाबलं.

आधी घों असा आवाज आला. मग तो चढला. मग आणखी चढला. चार पंखे, आणि आत काहीतरी खरखर फिरणारं. पखवाजवाला म्हणाला, "गिरण चालू झाली रे. भात घेवन येवा."

सगळे हसले. मीही हसलो. गरम झाला की शांत होईल, असं मी ठामपणे सांगितलं. कशाच्या आधारावर, ते विचारू नका.

बुवाने गजर गायला. मी हेडफोन लावून ऐकला. बुवाचा आवाज होता, पखवाज होता, आणि या सगळ्यांच्या मागे एक माणूस एका दमात, न थांबता, घशातून रडत होता. बुवाने हेडफोन घेतले. डोळे मिटून ऐकलं.

"भावजी," तो म्हणाला, "मी काळी एकाच्या पट्टीत गातंय. ह्यो तुमचो पावणो काळी दोनाच्या खालसून रडता. मी तेच्याकडे ओढलो जातंय, बगा."

मग आमची धावपळ सुरू झाली, आणि खरं सांगू, मला त्यात भारी मजा येत होती. सीपीयू पडवीत नेला, दार लावलं. वायर पुरेना. वायर खिडकीतून घेतली, तर खिडकी लागेना, आणि त्या फटीतून घों घों पुन्हा आत. कोणी सुचवलं न्हाणीघरात ठेवा. तिथे आवाज घुमून दुप्पट झाला. शेवटी मला सुचलं. माझ्या सगळ्या आपत्तींच्या सुरुवातीला हे दोन शब्द असतात: मला सुचलं. मी आतून दोन गोधड्या आणल्या आणि सीपीयूला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, बाळंतिणीला गुंडाळतात तसं.

आवाज गेला! अगदी गेला नाही, पण दूर खाडीत होडीचं इंजिन वाजावं इतका बारीक झाला. मी विजयी मुद्रेने बोट वर केलं. बुवाने सुरुवात केली.

आणि काय गायला तो! मी त्याला इतकी वर्षं ऐकतोय. तो गजर चढवत चढवत जिथे नेतो, तिथे त्या दिवशी त्याने आणखी एक पायरी शोधली. पखवाजवाल्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. दारात बायको पदर तोंडाला लावून उभी. बुवाने शेवटची उडी घेतली, आम्ही कोरस उचलला, आणि मी स्क्रीनकडे बघितलं.

स्क्रीन काळा होता.

गोधड्या उचलल्या तर आतून वाफ आली. चार पंख्यांचा तो पैलवान गुदमरून बंद पडला होता. पुन्हा चालू झाला, पण गजर त्याच्या पोटात नव्हता. मी मधे कुठेच सेव्ह केलं नव्हतं.

बुवाने गरम पाण्याचा पेला संपवला, पेटीचा भाता बंद केला आणि उठला.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "परत ह्यो आवाज लागूचो नाय. मुंबय माझ्या कपाळात नाय, तेका तुमी तरी काय करतलात?"

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चपला शोधत होता आणि मी हातात गोधडी घेऊन उभा होतो.

"दादा, बस थंय," बायको म्हणाली. "च्या घेतल्याबिगर जावचा नाय." मग माझ्याकडे वळली. "दुकानदारान दुसरो काय दाखवल्यान नव्हतो?"

"होतो. पण तेका पंखोच नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. दुकानदार बघत होता तश्शीच.

"पंखो नाय," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "म्हंजे आवाज नाय."

जमलेल्या माणसांत हे तोवर न कळलेला मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहिल्या एसटीने मी सीपीयू मांडीवर घेऊन कणकवलीला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट घ्यावं का, असा विचार केला असावा. रविवारी बाजार अर्धा बंद, पण दुकानदार वरच राहतो. मी खालून हाका मारल्या. तो दात घासत खाली आला, खोका बघितला आणि काही न विचारता शटर वर केलं. मला वाटतं तो माझी वाटच बघत होता.

या वेळी मी म्हणालो, "चालू करून दाखव."

"नारळ?"

"नको. दाखव."

त्याने लॅपटॉप उघडला. मी कान त्याला चिकटवला. काही नाही. "बंदच आहे हा," मी म्हणालो.

"काका, चालू आहे. गाणं वाजवू?"

मी पुन्हा कान लावला. चालू असून काही नाही! एखाद्या गोष्टीचं काहीच ऐकू न येण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. घरी जाताना मी तो पिशवीत ठेवला नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मधल्या प्रत्येक थांब्यावर उघडून ऐकला. शेजारच्या बाईंनी पिशव्या उचलून दुसरी सीट धरली.

बुवा येणार नाही म्हणत होता. त्याला बायको घेऊन आली. कसं ते मला माहीत नाही, बहिणींचं वेगळं असतं. तिन्हीसांजेला सगळे माजघरात बसले. दारं-खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. लोक घामाने निथळत होते आणि लॅपटॉप मजेत बसला होता. गाऱ्हाणं नाही, नारळ नाही. बटण बायकोने दाबलं.

बुवाने हळू सुरुवात केली. थोडा रुसलेला होता त्याचा आवाज. पण शांततेत गायला मिळाल्यावर तो रुसवा विरघळत गेला, लय वाढली, पखवाज तापला, आणि कालची ती पायरी जवळ येताना मला स्पष्ट दिसली. आली, आली, आली...

आणि लाईट गेली.

गुडुप काळोख. पेटीवाल्याचा हात क्षणभर अडखळला. पण समोर, काळोखात, लॅपटॉपचा स्क्रीन तसाच उजळलेला, आणि त्यावर बुवाच्या आवाजाची रेघ नाचत पुढे चाललेली! तो बॅटरीवर चालतो हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. मी जागेवर उभा राहून ओरडलो, "चालू आसा रेऽऽ! बंद नाय झालो! वाजवा, वाजवा!"

आणि त्यांनी वाजवलं. बुवाने डोळे उघडलेच नव्हते, त्याला लाईट गेल्याचंही कळलं नसावं. त्याने उडी घेतली, कालच्यापेक्षा उंच. काळोखात आम्ही कोरस असा उचलला की शेजारचे कंदील घेऊन बघायला आले.

ऐकून पाहिलं. घों घों नाही, खरखर नाही. सगळं लख्ख. फक्त बुवाच्या सगळ्यात उंच सुरावर, अगदी माथ्यावर, माझं "चालू आसा रे" बसलं होतं. ते पुसायला गेलो तर बुवाचा सूरही जात होता. आणि तसा सूर परत लावायला सांगायची कोणाची छाती नव्हती. मी म्हणालो, "एवढा कोण आयकता?" मग दुचाकीवरून सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर गेलो, कारण रेंज तिथेच मिळते, आणि रविवार संपायच्या आत गजर पाठवून दिला.

निरोप आला तेव्हा बुवा आमच्याच पडवीत चहा पीत होता. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी स्वतः फोनवर. बुवाने स्पीकर लावला.

"बुवा, अभिनंदन! तुमचं नक्की झालं. काय गजर आहे! आम्ही पुन्हा पुन्हा ऐकला. तुमची सगळी मंडळी घेऊन या."

बायकोने माझा दंड असा दाबला की अजून दुखतो. बुवाच्या डोळ्यांत पाणी. मी तर कोणत्या बाजूला उभं राहिलं की स्टेजवरून नीट दिसेन, इथपर्यंत पोचलो होतो.

"फक्त एक," सेक्रेटरी म्हणाले. "तो मधेच बोंब मारणारा कोण आहे?"

बुवाने माझ्याकडे बघितलं. "तो आमचो भावजी. रेकॉर्डिंग तेनीच केल्यान."

"असेल. पण त्यांना गावीच ठेवून या."